नसांचं दुखणं जडलंय? सीमाभागात उपचार कुठून आणि कसे सुरू करावेत

निपाणीत माझं औषधाचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. पण काउंटरच्या आतून एक गोष्ट नेहमी दिसते. नसांच्या दुखण्याचा पेशंट बेळगाव, मिरज, कोल्हापूर पालथं घालून आलेला असतो, जमलं तर हुबळी आणि गोवाही झालेलं असतं, आणि एकाही ठिकाणची गोळी त्याने पंधरा दिवसांच्या वर घेतलेली नसते. आपल्या भागात दवाखान्यांची दारं भरपूर आहेत. प्रत्येक दारात उपचार पहिल्या मात्रेपासून सुरू होतो आणि गुण येण्याआधीच माणूस पुढच्या गाडीत बसतो. या दुखण्यात नवखे असाल तर खालच्या क्रमाने जा. डॉक्टर बदलायची वेळ आलीच तरी ती बरीच उशिरा येईल.

पायरी १ : हे दुखणं नसांचंच आहे का?

सांधा दुखतो तो हलवल्यावर, स्नायू दुखतो तो कामानंतर. नसेचं दुखणं बसल्या-झोपल्याही चालू राहतं आणि रात्री जास्त छळतं. पायांची इतकी आग होते की माणूस थंडीतही पाय पांघरुणाबाहेर काढून शहाबादी फरशीवर टेकवतो. काहींना चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. आणि त्याच पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. बधिर जागाच दुखते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नसांच्या दुखण्याची हीच मोठी खूण.

डॉक्टर लोक डीएन-फोर नावाची दहा मुद्द्यांची छोटी चाचणी वापरतात. त्यातले सात प्रश्न रुग्णाला विचारायचे असतात, ते घरीच स्वतःला विचारून बघा: आग होते का? बर्फासारखं गार, झोंबणारं दुखतं का? करंट बसल्यासारखी चमक येते का? मुंग्या येतात का? टाचण्या-सुया टोचल्यासारखं होतं का? बधिरपणा आहे का? त्या जागी खाज येते का? तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर दुखणं नसांचं असण्याची शक्यता बरीच आहे. उरलेले तीन मुद्दे डॉक्टर कापूस आणि टाचणी घेऊन तपासतात. पूर्ण चाचणीत दहापैकी चार आले की नसांच्या बाजूने कौल धरतात.

‘वात आहे’, ‘शीर दबली’, ‘शिरा आखडल्या’ असं मोघम सांगितलं की उत्तरही मोघमच मिळतं. आग, मुंग्या, चमक, बधिरपणा यातलं नेमकं काय, कुठे आणि कधीपासून, ते सांगा. सरकारी दवाखान्यात समोरचे तरुण डॉक्टर दक्षिण कर्नाटकातले असले आणि त्यांना मराठी येत नसलं, तर ‘कालु उरी’ म्हणजे पायांची आग आणि ‘जोमु’ म्हणजे मुंग्या-बधिरपणा, एवढ्यावर काम भागतं. त्याहून सोपं म्हणजे कागदावर माणसाची आकृती काढा आणि आग होते तिथे रेघोट्या, बधिर आहे तिथे ठिपके द्या. ते चित्र कुठल्याही भाषेच्या डॉक्टरला वाचता येतं.

पायरी २ : ही लक्षणं असतील तर लेख बाजूला ठेवा

लघवी-संडासवरचा ताबा अचानक गेला, किंवा बसण्याची जागा, म्हणजे जांघा आणि गुदद्वाराभोवतीचा भाग, बधिर झाला. दोन-चार दिवसांत पायांतली ताकद खालून वर जात चालली, उठता येईना, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं. पाऊल अचानक लुळं पडलं. चेहरा किंवा एक बाजू एकाएकी वाकडी झाली. पाठदुखीबरोबर ताप आहे. बधिर पायाला जखम होऊन ती काळी पडतेय किंवा वास मारतेय. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबर कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही. मणक्यात नसांचा गुच्छ दबून लघवी अडली असेल, तर ऑपरेशनला झालेला उशीर पुढे आयुष्यभर भोवतो.

पायरी ३ : कारण शोधा, कारण गोळी फक्त दुखणं दाबते

आपल्याकडे पहिला संशय साखरेवर घ्यायचा. मधुमेहात आधी सर्वांत लांबच्या नसा मार खातात, म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते. डीपीपासून लांबच्या शेतातल्या मोटरलाच व्होल्टेज आधी कमी पडतं, तसं. आग-बधिरपणा मोजे चढवल्यासारखा वर सरकतो आणि गुडघ्याच्या आसपास पोचला की हातांच्या बोटांतही सुरू होतो. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, दोन्ही करून घ्या. ‘मला शुगर नाही’ हे तपासणीआधी कुणी बोलू नये.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. साखर खूप दिवस वाढलेली असेल आणि इन्सुलिनने ती फार झपाट्याने खाली आणली, तर काही जणांच्या पायांची आग उलट भडकते. ‘इन्सुलिन मानवलं नाही’ म्हणून लोक ते सोडतात. तसं करू नका, डॉक्टरांना सांगा. हा भडका काही महिन्यांत ओसरतो.

दुसरं कारण बी-ट्वेल्व्ह. चिकोडी, निपाणी, अथणी पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या शुद्ध शाकाहारी घरं पुष्कळ आहेत, जैनांची आणि लिंगायतांची. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि थोडंफार दूधदुभत्यातूनच मिळतं. त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर ते आणखी घटतं. म्हणजे शाकाहारी मधुमेही माणसाच्या पायांची आग साखरेने होतेय की बी-ट्वेल्व्हने, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. कधी दोन्ही असतात. कमतरता असेल तर इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी ती भरून निघते आणि लवकर सापडली तर नसा सुधारतात. रक्त कमी आहे म्हणून नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्ताचा आकडा सुधारतो आणि नसांची खराबी आत चालूच राहते.

तिसरं, नागीण. छाती, पाठ, कंबर किंवा कपाळावर एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस दगावतो, ही भीती अजून गावोगाव आहे. हा कांजिण्यांचाच विषाणू. तो एका नसेत दबून बसलेला असतो आणि त्या नसेच्या पट्ट्यातच उठतो, म्हणून वेढा बहुधा अर्ध्यावर थांबतो. उतरवायला जायचं असेल तर जा, काव लावायचीच असेल तर फुटलेले फोड सोडून लावा, पण त्याआधी डॉक्टरकडे जा. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग होतो, आणि आमच्याकडे पेशंट येतो तो बहुतेक वेळा चार ठिकाणी उतरवून झाल्यावर. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. फोड वाळल्यावर तीन महिन्यांनीही ती जागा जळत असेल तर ते नागिणीनंतरचं नसांचं दुखणं, आणि त्याला पुढे सांगितलेल्याच गोळ्या लागतात. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस असतात, महाग आहे.

बाकीची कारणं थोडक्यात. थायरॉइड, किडनी, दारू. टीबीच्या आयसोनियाझिड या औषधाने नसांना त्रास होतो, म्हणून सोबत बी-सिक्स देतात, ते वगळू नका. कर्करोगाच्या काही केमोथेरपीनेही हातपाय बधिरतात. कातडीवर फिका, स्पर्श न कळणारा चट्टा असेल, कोपराजवळची नस जाड लागत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते आणि औषधंही फुकट मिळतात. लाजेपायी लांबवलेल्या केसमध्ये हात वाकडा होतो. कुष्ठरोगाचं औषध चालू असताना नसेत एकदम ठणका उठला तर त्याच दिवशी दाखवा.

एकाच हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं: हे मनगटात नस दबल्याचं लक्षण. आमच्या गावात बिडी वळणाऱ्या बायकांमध्ये ते पाहतो. रात्री मनगटाला पट्टा लावून झोपल्याने सुरुवातीच्या कितीतरी केसेस निभावतात. तासन् तास उकिडवं बसून भांगलण-कापणी केल्यावर पाऊल उचलता येईना झालं, तर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला नस दबलेली असते. आणि दात घासताना, भाकरी चावताना, वारा लागताच गालात एका बाजूला वीज चमकल्यासारखी कळ येत असेल तर दाढ काढायची घाई करू नका. दाढा काढून झाल्या तरी कळ तशीच, असे लोक मी पाहिलेत. हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असू शकतं आणि त्याचं पहिलं औषध वेगळं आहे, कार्बामाझेपिन. ते घेताना अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टर गाठा.

पहिल्या फेरीच्या तपासण्या म्हणून रक्ताचा सीबीसी, साखर व एचबीएवनसी, बी-ट्वेल्व्ह, थायरॉइडचा टीएसएच आणि किडनीचं क्रिएटिनिन एवढ्या बहुतेकांना पुरतात. पायाला नायलॉनचा जाड धागा टेकवून आणि कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क लावून डॉक्टरांनी तपासलं पाहिजे. त्याला पाच मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही. एनसीव्ही म्हणजे नसांच्या वेगाची चाचणी मोठ्या नसा दाखवते. आग होते ती बारीक नसांमुळे, त्यामुळे एनसीव्ही ‘नॉर्मल’ आली म्हणून दुखणं मनाचं ठरत नाही. एमआरआयचं उलट. वयाबरोबर चकती थोडी सरकलेली कित्येक न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. ‘एमआरआय काढूया’ म्हणून स्वतःच हट्ट धरू नका.

पायरी ४ : कुठे जायचं, आणि एकच फाइल

सुरुवात आपल्या नेहमीच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात करा. तिथे बीपी-शुगरच्या एनसीडी क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मोफत असतात. न्यूरॉलॉजिस्ट लागतो तो निदान अडलं, दुखणं एकाच बाजूला आहे, ताकद जातेय किंवा गोळ्या नीट घेऊनही फरक नाही, अशा वेळी. तेव्हा बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. कागवाड-अथणीकरांना मिरज जवळ, निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल, खानापूरकरांना बेळगावच बरं. जाण्याआधी फोन करून न्यूरॉलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा, नाहीतर नुसती एसटी होते.

पैशाचं गणित आधी समजून घ्या, नाहीतर कार्ड घेऊन गेल्यावर हिरमोड होतो. ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’मध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, एपीएलना उपचाराच्या ठरलेल्या पॅकेज-खर्चाच्या ३० टक्के. पण ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. नसांचं दुखणं हा बहुतांशी ओपीडीचा आजार, तिथे कार्ड चालत नाही. ऑपरेशन लागलं तर चालतं, आणि तातडीची केस नसेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र आधी घ्यावं लागतं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. तीही भरतीच्या उपचारांसाठीच. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आपल्या गावाचं नाव सांगून आधी विचारा. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च कमी करायचा खरा मार्ग म्हणजे जनऔषधी केंद्र. मी दुकानदार असूनही सांगतो: प्रेगाबालिन, गॅबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन तिथे पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा.

फाइलचं महत्त्व मात्र सगळ्यात जास्त. एक साधी प्लास्टिकची फाइल घ्या. सगळ्यात वर एक पान: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दुखणं शंभरातलं किती कमी झालं, त्रास काय झाला. बेळगावचा कागद मिरजेला आणि मिरजेचा कोल्हापूरला दिसला नाही, तर तिन्ही ठिकाणी तीच गोळी तीन वेगळ्या ब्रँडच्या नावाने मिळते. दोन ब्रँडच्या पट्ट्यांत एकच औषध दुप्पट घेऊन भोवळ आलेली माणसं आमच्या काउंटरवर येतात.

पायरी ५ : गोळ्या समजून घ्या

संध्याकाळच्या गर्दीत एक अक्का आल्या आणि पदराच्या टोकाला बांधलेली पट्टी काढून समोर ठेवली. चार गोळ्यांचा तुकडा, नाव असलेला भाग आधीच्या दुकानात कापून राहिलेला. “दादा, ही नसांच्या ताकदीची गोळी. दोन महिने घेतली, बरं वाटलं म्हणून सोडली. तर आता झोपच नाही, अंगाला घाम सुटतोय.” मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अर्धवट दिसत होतं: प्रेगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन.

आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास लिहिली जाते. पेशंटला वाटतं व्हिटॅमिन आहे, मनात आलं तर घ्यावं, नाही तर सोडावं. त्यातलं मिथाइलकोबालामिन हे व्हिटॅमिन, पण प्रेगाबालिन हे मेंदूवर काम करणारं औषध आहे. ते एकदम बंद केलं की झोप उडते, घाम, घबराट, मळमळ होते. निदान आठवडाभर तरी टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांना विचारूनच उतरवायचं. म्हणून सुट्या गोळ्या घेताना नाव आणि एक्स्पायरी असलेल्या बाजूचा तुकडा मागा, आणि अख्ख्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानदार कुरकुरला तरी मागा.

चार नावं पाठ करा: अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेन्टिन, प्रेगाबालिन. नसांच्या दुखण्याची पहिल्या फळीची औषधं हीच. (अमिट्रिप्टिलिनचा भाऊ नॉरट्रिप्टिलिन, त्याने झोप थोडी कमी येते.) पहिली दोन मुळात डिप्रेशनची, पुढची दोन फिट्सच्या औषधांच्या कुळातली. इंटरनेटवर नाव टाकून ‘मला वेडाची गोळी दिली’ म्हणत परत येणारे दर महिन्याला भेटतात. मणक्यातून वर जाणारे वेदनेचे संदेश मंद करण्याचं काम ही औषधं करतात, आणि दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन तर डिप्रेशनपेक्षा कितीतरी कमी मात्रेत देतात.

यातलं सर्वांत चांगलं कोणतं? ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या नसदुखीच्या १३० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. कुणाला आधी अमिट्रिप्टिलिन, कुणाला ड्युलोक्सेटिन, कुणाला प्रेगाबालिन दिलं. सहा आठवड्यांनी पुरेसा आराम नसेल तर दुसरं जोडलं. तिन्ही वाटांनी जवळजवळ सारखाच गुण आला. दहापैकी सरासरी ६.६ असलेलं दुखणं सोळा आठवड्यांत ३.३ वर आलं. माझ्या मते या आकड्यांत नवख्या पेशंटला हवं ते सगळं आहे. औषध कोणतं यापेक्षा ते पुऱ्या मात्रेत, पुरेसे आठवडे घेतलं का हे महत्त्वाचं. एकट्याने भागलं नाही तर जोडीने भागतं. आणि यश म्हणजे दुखणं निम्म्यावर येणं, शून्यावर नव्हे. शून्य करून देतो म्हणणाऱ्याकडे पाकीट उघडू नका.

मात्रा हळूहळू चढवावी लागते. अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून, प्रेगाबालिन बहुधा ७५ पासून, गॅबापेन्टिन ३०० पासून सुरू होतं. गॅबापेन्टिनचा गुण अनेकांना दिवसाला १८०० च्या आसपास गेल्यावर येतो. म्हणजे ३०० वर ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्याने औषध अजून घेतलेलंच नाही. पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारा, “मात्रा कधी आणि कितीपर्यंत वाढवायची?” आणि पुढची तारीख घेऊनच बाहेर पडा. चढवून झालेल्या मात्रेवर चार ते सहा आठवडे द्या. तोवर मिरजेची गाडी पकडू नका.

त्रास कोणता होईल हेही आधी माहीत असू द्या. पहिले आठ-दहा दिवस झापड आणि गरगर अनेकांना होते. त्या दिवसांत ट्रॅक्टर, मोटारसायकल, विहिरीचा काठ टाळा. म्हाताऱ्या माणसांनी रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर बसून मग उभं राहावं. अमिट्रिप्टिलिन अगदी झोपताना न घेता रात्री आठ-साडेआठला घेतलं तर सकाळची सुस्ती कमी होते. त्याने तोंड सुकतं, बद्धकोष्ठ होतो. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तिथे ते बहुधा टाळतात. प्रेगाबालिन-गॅबापेन्टिनने वजन वाढतं, पायांवर सूज येते, आणि किडनी कमकुवत असेल तर मात्रा कमी करावी लागते. म्हणून तर वर क्रिएटिनिन सांगितलं. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळतं, जेवणानंतर घ्यावं. लिव्हर खराब असेल किंवा रोजची दारू असेल तर नको. दारूबरोबर प्रेगाबालिन-गॅबापेन्टिन तर नकोच, श्वास मंदावतो. या गोळ्यांवर ट्रॅमाडॉल ही जोरदार पेनकिलर कुणी जोडत असेल तर चालू असलेली सगळी यादी दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आता काय चालत नाही ते. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि ‘पेनकिलर’ सुजेच्या दुखण्यावर, नसांच्या आगीवर जवळजवळ निकामी. मधुमेही माणसाने ते रोज घेतलं तर दुखणं राहतं आणि किडनी जाते. नसांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुव्हिटॅमिन गोळ्यांनी कमतरता असेल तरच फायदा. बी-सिक्स महिनोन् महिने जास्त मात्रेत घेतलं तर तेच नसा बिघडवतं. बाजारात फिरणाऱ्याकडची ‘वाताची पुडी’ घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघतं, कधी शिसं-आर्सेनिक, आणि शिसं-आर्सेनिकनेच नसा खराब होतात. तापलेल्या लोखंडाचा डाग तर मुळीच देऊ देऊ नका, बधिर कातडीवरची ती जखम भरत नाही. मांडीमागून पोटरीत उतरणाऱ्या सायटिकात २०१७ च्या एका चाचणीत प्रेगाबालिनचा औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त गुण दिसला नाही. ते दुखणं बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरतं.

मलमांत एकच लक्षात ठेवा, कॅप्सेसिन. मिरचीतलाच तिखटपणा. रोज तीन-चार वेळा काही आठवडे लावलं तर त्या जागेच्या नसा थकून गप्प होतात. पहिले काही दिवस आग वाढते. जखमेवर लावायचं नाही, लावल्यावर हात साबणाने धुवायचे, डोळ्यांना तर लांबच. मात्र म्हणून घरची संकेश्वरी वाटून पायाला थापू नका. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. एकांनी केलंय.

पायरी ६ : बधिर पाय डोळ्यांनी सांभाळायचा

रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरच्यांना सांगा. अंघोळीचं पाणी कोपराने बघा, पायाने नाही. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, चुलीपुढे पाय पसरणं, तिन्ही बंद. उसाच्या रानात, गुऱ्हाळावर अनवाणी फिरू नका. अथणीची कोल्हापुरी चप्पल कितीही प्रिय असली तरी नवं कडक चामडं आणि अंगठ्याची पकड बधिर बोटाला कधी कापते ते समजत नाही. मऊ एमसीआर रबराची, मागून पट्टा असलेली चप्पल घ्या. सौंदत्तीच्या डोंगरावर अनवाणी चालत जायचा नवस असेल तर यल्लम्मा पायताण घातलेल्या माणसालाही पावते. फोड, कुरूप स्वतः ब्लेडने कापू नका.

पायरी ७ : झोप, चालणं, मन

दुखण्याने झोप जाते आणि झोप गेली की दुखणं वाढतं. म्हणून गोळीचा गुण मोजताना आकड्याबरोबर ‘रात्री कितीदा उठलो’ हेही लिहा. रोजचं चालणं साखरेलाही बरं आणि नसांनाही. बरं वाटलेल्या दिवशी अख्खं शेत उरकून पुढचे तीन दिवस पडून राहण्यापेक्षा रोज थोडं. तंबाखू सोडा. तंबाखूवर उभ्या राहिलेल्या गावात बसून हे लिहितोय, तरी सोडा. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या ती आवळते.

महिनोन् महिने दुखलं की माणूस चिडतो, खचतो, ‘सगळी नाटकं’ असं घरचेही बोलून जातात. जगणं नकोसं वाटू लागलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

पायरी ८ : तीन महिन्यांनंतर

एक औषध पुऱ्या मात्रेत, मग दुसरं जोडून, असं तीन-चार महिने करूनही दुखणं निम्म्याच्या आसपास आलं नाही, तर डॉक्टर बदलायला हरकत नाही. तेव्हा पेन क्लिनिक, म्हणजे फक्त दुखण्यावर उपचार करणारा विभाग, शोधा. भूलतज्ज्ञ ते चालवतात आणि मोठ्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांत ते असतं. तिथे नसेजवळ द्यायची इंजेक्शनं, जागा बधिर करणारी लिडोकेनची पट्टी, कातडीवरून सौम्य करंट देणारं टेन्स मशीन असे पुढचे उपाय आहेत. फाइलमधलं पहिलं पान तिथे नेलं की डॉक्टर पहिल्या मात्रेपासून सुरू करत नाहीत.

आणि उतार पडला असेल तर? सहा महिने दुखणं आटोक्यात राहिलं, साखर-बी-ट्वेल्व्ह जागेवर आलं, की मात्रा कमी करून बघू का, असं डॉक्टरांना विचारा. एका वेळी एकच औषध, एका वेळी थोडंसंच. जोडीतली दोन्ही एकदम उतरवली तर कशाने गुण होता ते कळत नाही. कमी केल्यावर पंधरा दिवसांत आग परतली तर मागच्या मात्रेवर या आणि ती तारीख फाइलमध्ये लिहा. पुढचा प्रयत्न काही महिन्यांनी, आणि शक्यतो ऊसतोडीच्या किंवा पेरणीच्या धांदलीत नको.